नऊ नंबरची दोरी

काल संध्याकाळी बांबूवरचे कपडे आत घेताना टॉवेलला तो वास आला. ओल्या गवऱ्या नीट पेटत नाहीत, नुसत्या धुमसत राहतात, तसा. समुद्रापलीकडच्या बेटांवर रानं जाळतात, वारा फिरतो आणि तो धूर आमच्या तोआ पायोहच्या अकराव्या मजल्यावर न बोलावलेल्या पाहुण्यासारखा येऊन बसतो. मधली काही वर्षं फारसा फिरकला नव्हता. मी टॉवेल नाकाशी धरून उभी राहिले आणि माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. धुरानं डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, हे सगळ्यांचंच होतं. मला धुरानं लाज वाटते.

सिंगापूरला ऋतू नाहीत, ही इथल्या मराठी माणसांची लाडकी तक्रार. बारा महिने तेच ऊन, तोच दुपारचा पाऊस, तीच प्लास्टिकमधली कोथिंबीर. मला मात्र एक ऋतू पक्का आठवतो. त्या वर्षी धूर, इथे त्याला हेझ म्हणतात, गणपतीत आला आणि दसरा झाला तरी हलला नाही. भर दुपारी समोरचा ब्लॉक दिसेनासा व्हायचा. फोनवर हवेचा आकडा बघून लोक बाहेर पडायचं की नाही ते ठरवायचे. एक दिवस शाळा बंद ठेवल्या. एमआरटी मेट्रोत सगळे मास्कच्या वरून एकमेकांकडे बघत बसायचे. आणि त्या पिवळट उजेडात, आमच्या ब्लॉकखालच्या हिरवळीवर, माझा नवरा तोंडाला मास्क लावून मासे पकडायच्या काठीनं गवतावर दोरी फेकत असायचा.

आम्ही पुण्याचे. घरात अंडंसुद्धा वेगळ्या भांड्यात उकडायचं आणि सासूबाई यायच्या आधी ते भांडं कपाटाच्या पार मागे ढकलायचं, अशी आमची रीत. मिलिंद सॉफ्टवेअरमधला, वेळेवर ऑफिस, वेळेवर घर, रविवारी लिटल इंडियातून भाजी. छंद म्हणावा असं त्याला काही नव्हतं. मासा त्यानं ताटातही पाहिला नव्हता, मग हातात कुठला.

झालं असं होतं. त्याचा साहेब तापिओ, फिनलंडचा, वर्षातून दोनदा इथे यायचा. उंच, पांढुरका आणि गप्प. त्याच्या त्या गप्प बसण्याची ऑफिसातल्या मंडळींना धास्ती असायची. मार्चमध्ये सगळे त्याला हॉकर सेंटरला, ठेल्यांवरचं जेवायला, घेऊन गेले तेव्हा त्याच्या शेजारची खुर्ची रिकामीच राहिली, म्हणून मिलिंद तिथे बसला. आणि तापिओ बोलला. पाइक नावाच्या माशाबद्दल. हातभर लांब, चपट्या तोंडाचा, तोंडभर दात, तळ्याकाठच्या लव्हाळ्यात दबा धरून बसणारा. मिलिंदनं सगळं मन लावून ऐकलं. तेव्हा तापिओ म्हणाला, शरद ऋतूत ये माझ्याकडे. थंडी पडायच्या आधी पाइक काठाशी येतात. माझी होडी आहे. मिलिंद म्हणाला, नको नको, उगाच कशाला तुम्हाला त्रास. तापिओनं मान हलवली आणि काडीवरचं साते खायला घेतलं.

हे सगळं मिलिंदनं मला दारात उभ्या उभ्या, बूट न काढता सांगितलं. त्याचा चेहरा मी त्या दिवशी नीट पाहिला. ह्या माणसाला शाळेपासून सगळ्यांनी कामासाठीच बोलावलं होतं. गणितं सोडवून दे, ये. सर्व्हर बंद पडलाय, ये. नुसतं ये, असं त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

मी म्हटलं, अरे, तसं म्हणायची पद्धत असते. आपण नाही का म्हणत, या एकदा निवांत. हे वाक्य आपल्याकडे चपला घालणाऱ्याला सांगतात, काढणाऱ्याला नाही. त्यावर तो म्हणाला, ती माणसं आपल्यासारखी नाहीत, ती बोलतात ते मनापासून बोलतात. पण लगेच असंही म्हणाला, की परत म्हणेलच तो, एकदा म्हटल्यावर कोण जातं? ह्यावर मात्र आमचं एकमत होतं. पहिल्या बोलावण्याला नको म्हणायचं, दुसऱ्याला बघू म्हणायचं आणि तिसऱ्याला आढेवेढे घेत निघायचं, हे आम्हा दोघांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पहिल्याच हाकेला ताटावर जाऊन बसतो तो हावरट. तेव्हा आता तापिओनं दुसऱ्यांदा म्हणायची वाट बघायची, एवढंच उरलं होतं.

वाट बघता बघता तयारी सुरू झाली.

मला ती विद्या नको असताना आली, कारण जेवताना दुसरा विषयच नसायचा. नेहमीच्या गळाला शिसं बांधतात, त्या वजनानं गळ लांब जातो. ह्या प्रकारात आमिषाला वजन नसतं. ती पिसांची आणि केसांची बांधलेली खोटी माशी. वजन असतं ते दोरीत. फेकायची दोरी, माशी नुसती तिच्या मागून जाते. म्हणून दोरीला नंबर असतात, आणि ज्या नंबरची दोरी त्याच नंबरची काठी. ओढ्यातल्या नाजूक माशांना चार-पाच नंबर पुरतो. पाइकला आठ, नाहीतर नऊ, फार तर दहा. कारण पाइकची माशी म्हणजे नावाची माशी, भिजली की उंदराएवढी होते आणि तिला वाऱ्यातून ओढून न्यायला दोरीत दम लागतो.

आठ की नऊ, हा प्रश्न आमच्या घरात आषाढापासून मुक्कामाला होता. आठ हलकी, दिवसभर फेकली तरी खांदा बोलत नाही. नऊ जड, पण तळ्यावर वारा सुटला तर तीच कामाची. मग दोरी तरंगणारी घ्यावी की सावकाश बुडणारी. टोकाला पोलादी तार हवीच, नाहीतर पाइक दातानं दोरी तोडून जाणार. गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट करायचा, म्हणजे मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही. "सोडूनच द्यायचा असतो तो," मिलिंद मला दर दोन दिवसांनी सांगायचा. मग पकडायचा कशाला, हे मी दर दोन दिवसांनी विचारायची. त्यावर तो पोलादी तारेचा विषय काढायचा.

शनिवारी आम्ही गळांच्या दुकानात जायचो. जुन्या ब्लॉकच्या तळमजल्यावरचं अरुंद दुकान, आत रबराचा आणि अगरबत्तीचा वास. दुकानदार पहिल्या शनिवारी खुर्चीतून उठला, पुढे उठेनासा झाला. इथल्या जलाशयात तोमान नावाचा दांडगा मासा असतो, त्यालाही दात असतात, त्यासाठीच हवं असेल असं त्याला वाटलं. मिलिंद छाती काढून म्हणाला, नो, पाइक, फिनलंड. माझा साहेब मला घेऊन जाणार आहे. दुकानातल्या दोन पोरांनी मागे वळून पाहिलं. मी भिंतीवरचे गळ मोजायला लागले.

अनंत चतुर्दशीला नऊ नंबर ठरला. तेवढ्यात पुण्याहून सासूबाईंचा फोन आला, की पितृपक्ष लागतोय, नवीन वस्तू घरात आणू नका. काय आणतोय हे त्यांना सांगितलं नव्हतं, खेळाचं सामान एवढंच म्हटलं होतं. मिलिंदनं आईचा शब्द मोडला नाही. दुकानदारानं कंटाळून एक जुनी काठी सरावाला दिली, आणि सगळा पितृपक्ष तो त्या काठीनं, त्या धुरात, खाली हिरवळीवर उभा राहिला. माशीच्या जागी माझ्या विणकामातला भगव्या लोकरीचा तुकडा बांधला होता.

सगळं शहर दारं-खिडक्या लावून बसलेलं आणि हा एकटा उघड्यावर. दोरी आधी मागे फेकायची, ती मागे हवेत पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, आणि मग पुढे सोडायची. थांबलं नाही तर चाबकासारखी फटकारते. जास्त थांबलं तर मागच्या मागे गवतात पडते. मिलिंदची मागेच पडायची. तो वळून जायचा, गवतातून लोकर सोडवायचा, परत जागेवर येऊन उभा राहायचा. खाली बाकावर पेपर वाचणारे चिनी आजोबा एकदा मास्क खाली करून त्याला इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले, "ब्रदर आ, हिअर नो फिश, व्हॉट." नंतर त्यांच्या बाकावर आणखी दोघं-तिघं येऊन बसायला लागले. धुरातही.

शेजारच्या ब्लॉकमधल्या कुलकर्णीबाईंनी मला लिफ्टपाशी गाठलं. म्हणाल्या, "मिलिंदला साहेब गळाला लावायचाय वाटतं." मी त्यांच्याबरोबर हसले. चांगली मोठ्यानं हसले. त्यानंतर हिरवळीच्या बाजूची लिफ्ट मी सोडली आणि मागच्या जिन्याकडची लिफ्ट धरली.

मला त्याची लाज वाटत होती, आडपडदा कशाला. त्याला जमत नव्हतं ह्याची नाही. शेजारीपाजारी, दुकानात, ऑफिसात, सगळ्यांना त्याला काय हवंय ते दिसत होतं, ह्याची. आमच्याकडे शहाण्या माणसानं आपली इच्छा झाकून ठेवायची असते. मिळालं तर बरं म्हणायचं, नाही मिळालं तर मला कुठे हवं होतं म्हणायचं. हा चाळीस वर्षांचा माणूस ती उघड्यावर घेऊन उभा होता. एकदा जेवायला बोलवायला मी खाली गेले तर मास्कच्या वाफेनं त्याचा चष्मा पांढरा झालेला. "आत्ता सरळ गेली," तो म्हणाला. "बघितलीस?" मी बघितली नव्हती. हो म्हटलं.

आणि तिकडून दुसरं बोलावणं काही येईना. दर आठवड्याला तापिओ स्क्रीनवर दिसायचा आणि सर्व्हरबद्दल बोलायचा. मिलिंद शेवटी हळूच विचारायचा, तिकडे हवा कशी आहे? घरी आला की आम्ही त्या उत्तराची चिरफाड करायचो. आज म्हणाला, पानं पिवळी झाली. आज म्हणाला, सकाळी दव पडतं. ह्यात बोलावणं आहे की नुसती हवा आहे? सानिका, आमची मुलगी, तेव्हा दहा वर्षांची होती. ती वरणभात खाता खाता हे सगळं ऐकायची. स्वतः तारीख विचारावी, हे आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही. विचारता येतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

घटस्थापनेला काठी घरी आली. नऊ नंबरची, चार तुकड्यांची, काळी, तिचं रीळ डब्याच्या झाकणाएवढं. दसऱ्याला तापिओ नेमका सिंगापूरमध्ये होता आणि मिलिंदनं त्याला जेवायला बोलावलं. सकाळी पूजा मांडली. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती, तिच्याभोवती सानिकाची पुस्तकं, मिलिंदचा लॅपटॉप, माझी कात्री, घरातला एकुलता एक स्क्रूड्रायव्हर. मिलिंदनं काठी जोडून भिंतीला टेकवून ठेवली. मी म्हटलं, मासे धरायचं हत्यार सरस्वतीपुढे? तो म्हणाला, सोडायचं हत्यार. मी हळद-कुंकू लावलं, रिळात झेंडू खोचला. मला वाटलं होतं, हे बघून तापिओला आनंद होईल आणि तो दुसरं बोलावणं करेल. आपण काही बोलायला नको, आपोआप निघेल विषय.

तापिओ आला, बूट काढून नीट जोडून ठेवले, आत आला आणि काठीसमोर थांबला. त्यानं झेंडूकडे पाहिलं, कुंकवाकडे पाहिलं. हात लावू का, म्हणून विचारलं. मी सांगितलं, आज नाही, आजच्या दिवस आमची हत्यारं विश्रांती घेतात. त्यानं हात मागे घेतला. ही तुझी का, असं त्यानं मिलिंदला विचारलं, आणि मिलिंद म्हणाला, हो, इथल्या जलाशयात तोमान मिळतो ना, त्यासाठी. पाहुण्याला घरात बोलावून कोंडीत धरल्यासारखं होऊ नये म्हणून तो खोटं बोलला. त्या वेळी तो मला फार आवडला.

श्रीखंड वाढत असताना सानिका तिच्या शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "नॉट फॉर हिअर, लाह. फॉर युअर लेक, व्हॉट. बाबा एव्हरी डे प्रॅक्टिस. हेझ ऑल्सो प्रॅक्टिस."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. तापिओ मिलिंदकडे बघत राहिला, आणि त्याचे ते पांढरे कान हळूहळू लाल झाले, पार मानेपर्यंत.

"पण तू नको म्हणालास," तो म्हणाला.

मिलिंदला आठवेना. खरंच आठवेना, कारण आमच्या हिशेबी ते नको म्हणणं नव्हतंच. तापिओ सावकाश, शब्द शोधत इंग्रजीत बोलला. "मी विचारलं, तू म्हणालास त्रास नको. मला वाटलं, ह्याची इच्छा नाही. मी तुझा साहेब आहे. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर तुला नाही म्हणता आलं नसतं. म्हणून नाही विचारलं."

मग त्यानं सांगितलं, की होडी त्यानं गेल्या रविवारीच पाण्याबाहेर ओढली, काठावर पालथी घातली. त्या तळ्याचा मोसम संपला. चूक कुणाची म्हणावी? आम्ही सभ्यपणानं वाट बघत होतो आणि तो सभ्यपणानं गप्प बसला होता. सानिकानं माझ्याकडे पाहिलं आणि आपलं काही चुकलं असं वाटून ती मान खाली घालून पुरी कुस्करायला लागली.

तापिओनं जेवण संपवलं, पान स्वच्छ केलं. उठताना त्यानं पुन्हा काठीकडे पाहिलं. "नऊ?" त्यानं विचारलं. मिलिंद म्हणाला, "नऊ." तापिओ म्हणाला, माझीही नऊच आहे. मिलिंदनं मान डोलावली. बस्स.

आता पुढचं. तो दाराशी बूट घालत होता आणि मी, इतकं सगळं होऊन गेल्यावर, तोंडाला असलेल्या सवयीनं म्हणून गेले, की परत या हं, एकदा निवांत जेवायला या. तापिओ एक बूट पायात आणि एक हातात असा थांबला. माझ्याकडे पाहून त्यानं विचारलं, "कधी?"

थट्टा नव्हती त्यात. तो खरोखर विचारत होता. शनिवारी सकाळी विमान होतं त्याचं, मध्ये एक संध्याकाळ मोकळी होती, एवढं मलाही ठाऊक होतं. आणि माझ्या डोक्यात आलं ते सिंकमधला भांड्यांचा ढिगारा आणि शुक्रवारची सानिकाची ट्यूशन. मी म्हटलं, "एनी टाइम." त्यानं ते दोन शब्द स्वतःशी म्हणून पाहिले, मान हलवली, दुसरा बूट घातला. त्याला कळलं. त्याचं बोलावणं खरं होतं आणि माझं नव्हतं, हे त्याला आमच्या दारात, अर्ध्या वाक्यात कळलं. सबंध ऋतूभर मी मिलिंदपायी शरमले होते. त्या दारात मला माझी लाज वाटली, आणि ती आजतागायत उतरलेली नाही.

पुढे पाऊस लागला आणि धूर गेला. समोरचा ब्लॉक परत दिसायला लागला, बाकावरचे आजोबा आपल्या पेपराकडे वळले. काठी नळीत गेली, नळी कपाटामागे, अंड्याच्या भांड्याशेजारी. मे महिन्यात तापिओची मिलिंदला मेल आली. एकच ओळ. आज तळ्यावरचा बर्फ गेला. आम्ही दोघं ती ओळ जेवणं झाल्यावर बराच वेळ वाचत बसलो. मी म्हटलं, बातमी दिसते. मिलिंदलाही तसंच वाटलं. ऑफिसच्या माणसाला उत्तर तर द्यायला हवं, म्हणून त्यानं लिहिलं, अभिनंदन, वाचून आनंद झाला. तिकडून काही आलं नाही. पुढच्या वर्षी तापिओनं कंपनी सोडली. कुठे गेला, इथे कुणाला माहीत नाही.

आज सकाळी खिडक्या लावून घेतल्या आहेत. दसरा जवळ आला, म्हणून मिलिंदनं नळी बाहेर काढली. दर वर्षी काढतो, तुकडे जोडतो, पुसतो, पूजेला ठेवतो, परत नळीत घालतो. इथल्या जलाशयावर तो एकदाही गेला नाही. सानिका आता चौदा वर्षांची आहे. सोफ्यावर आडवी पडून फोन बघत होती. तिनं विचारलं, तो कान लाल होणारा माणूस परत कधी बोललाच नाही का? मिलिंद हसला. म्हणाला, नाही ग, एकदा मेल आली होती नुसती. गंमतच. बर्फ गेला म्हणून कळवलं त्यानं, आणि आम्ही त्याचं अभिनंदन केलं.

सानिकानं कानातले इअरफोन काढले आणि उठून बसली.

"अय्या, बाबा," ती म्हणाली. "दॅट वन इज हिम आस्किंग यू, लाह. सेकंड टाइम."

मिलिंदच्या हातात काठीचा शेवटचा तुकडा होता. त्यानं तो पुसायला घेतला होता, तो पुसतच राहिला.